शब्दचर्चा: ‘चिरनिद्रा’ की ‘निजली’?

नगरची नात:
आमची आजी गेल्या पावसाळ्यात गेली. आता कबरेवर पाटी बसवायची आहे. पाथरवटाने दोन-तीन नमुने दाखवले, त्यातला ‘चिरनिद्रेत विसावली’ हा काकांना पसंत पडला. मला मात्र तो शब्द खटकतो आहे, पण का खटकतो ते मला काकांना नीट सांगता येत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी गेलं की ‘प्रभूमध्ये निजला’ म्हणतात, जुन्या कबरींवरही तेच कोरलेलं आहे. काका म्हणतात, निजणं म्हणजे अगदीच घरगुती वाटतं, पाटीवर भारदस्त शब्द हवा. ‘चिरनिद्रा’, ‘महानिद्रा’, ‘निजली’, ‘झोपी गेली’ यांत खरा फरक काय? जाणकारांनी कृपया सांगावं. पाटी पुढच्या महिन्यात द्यायची आहे.

कोशवाचक:
ताई, तुमचा कान बरोबर आहे. संस्कृतात ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ. मराठीत त्याचा अर्थ ‘कायमचा’ इथवर सरकला आहे. चिरंतन, चिरस्थायी, चिरविरह हे शब्द बघा. म्हणजे चिरनिद्रा ही जिच्यातून जाग येत नाही अशी झोप. वर्तमानपत्री मराठीत हा शब्द मृत्यूचा सौम्य पर्याय म्हणून रुळला आणि तिथे तो चालूनही जातो. पण ज्यांचा विश्वास आहे की मेलेले उठतील, त्यांच्या दगडावर तो शब्द त्या विश्वासालाच खोडून काढतो. कायमची झोप असेल तर उठायचं कधी?

‘महानिद्रा’ची गोष्ट वेगळी. प्रचलित मराठी बायबलात पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 15व्या अध्यायात, ख्रिस्ताला ‘महानिद्रा घेणाऱ्यांतले प्रथमफळ’ म्हटलं आहे. ‘महा’ने झोप मोठी होते, पण तिला शेवट नाही असं काही तो शब्द म्हणत नाही. शिवाय प्रथमफळ म्हणजे हंगामातलं पहिलं कणीस. पहिलं आलं की मागून पीक येणार, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हे एकच वाक्य पाटीवर आलं तरी पुरे, असं माझं मत.

मूळ ग्रीकमध्ये इथे ‘कोइमाओ’ हे धातुरूप आहे, झोपणे, निजणे. त्यावरूनच ‘कोइमेतेरिओन’, म्हणजे निजायची जागा. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द दफनभूमीला लावला आणि पोर्तुगीज ‘सेमितेरिओ’, इंग्रजी ‘सेमेटरी’ त्यातूनच आले. आपण मुंबईत सहज ‘सिमेट्री’ म्हणतो तेव्हा खरं तर ‘निजायची खोली’ म्हणत असतो.

नगरची नात:
हे वाचून अंगावर काटा आला. आजी आम्हाला ‘निजा आता’ म्हणायची आणि पहाटे तीच उठवायची. मग ‘निजली’ हा शब्द घरगुती आहे म्हणूनच नको का?

कोशवाचक:
उलट घरगुती आहे म्हणूनच हवा. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 11व्या अध्यायात या शब्दावर तर तिथल्या तिथे घोटाळा होतो. येशू शिष्यांना म्हणतो, आपला मित्र लाजर झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. शिष्य म्हणतात, झोपला असेल तर बरा होईल की. मग त्याला स्पष्ट सांगावं लागतं, लाजर मेला आहे. म्हणजे हा शब्द त्या काळीही घरातलाच होता, नाहीतर गैरसमज झालाच नसता. आणि मार्काच्या 5व्या अध्यायात याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून तो जे म्हणतो, ते सुवार्तिकाने अरामी भाषेतच ठेवलं आहे, ‘तलीथा कूम’. मुली, ऊठ. रोज सकाळी कुठल्याही घरात ऐकू येईल असं वाक्य. मग लगेच, हिला काहीतरी खायला द्या.

आता ‘पुनरुत्थान’. हल्ली बातम्यांत हा शब्द पक्षांच्या आणि उद्योगांच्या उभारीला वापरतात, पण त्याची फोड पुन्हा + उत्थान. उत्थानात ‘स्था’ धातू आहे, उभं राहणे. ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’, त्यातला ‘स्ता’ आणि आपला ‘स्था’ हे मुळात एकाच कुळातले. त्यामुळे हा शब्द जड असला तरी अचूक आहे. आडवं झालेलं माणूस पुन्हा उभं राहणे. पुनर्जन्म नव्हे, त्यात माणूस दुसरा होतो. नुसतं अमरत्वही नव्हे, त्यात मरणच नसतं. इथे मरण खरं आहे, कबर खरी आहे, आणि त्यानंतर तेच माणूस उठतं.

किनाऱ्यावरचा:
मी वसईचा, आमचं घर कोळीवाड्याजवळ. मला ‘आशा’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण पाटीवर बहुतेक वेळा तोही असतो, ‘पुनरुत्थानाच्या आशेने’. मराठीत आशा हा फार दुबळा शब्द झाला आहे. ‘आशा आहे’ म्हणजे खात्री नाही. वेडी आशा, फोल आशा, आशेला लावणे. संतांनी तर आशेला पाशच म्हटलं. संस्कृत सुभाषितातही ती अशी साखळी आहे की बांधलेला धावत सुटतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो. हे सगळं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण बायबलाच्या नव्या करारातली आशा ही नव्हे.

इब्री लोकांस पत्रात, 6व्या अध्यायात, आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. आता देशावरच्या माणसाला नांगर म्हटलं की बैल, माती, तास दिसतात. आम्हाला होडी दिसते. लहानपणी मी वडिलांबरोबर जायचो. नांगर टाकला की दोर सुळकन सुटत जायचा, मग ढिला पडायचा, आणि मग एकदम ताठ. वडील दोराला हात लावून बघायचे आणि म्हणायचे, धरला. खाली काय धरलं ते कधीच दिसायचं नाही. पाणी गढूळ, वारा तोच, लाटाही त्याच, होडी हलायची थांबत नव्हती. पण जाग्यावरून जात नव्हती. मला आशा म्हटलं की तो ताठ दोर आठवतो. रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या कबरींवर नांगर कोरला, तो काही शोभेसाठी नाही.

कोशवाचक:
दादा, फार छान. एक पुरवणी. आपले हे दोन नांगर मुळात दोन वेगळे शब्द आहेत. शेतातला संस्कृत ‘लांगल’वरून, समुद्रातला फारसी ‘लंगर’वरून. मराठीच्या तोंडात दोघे एकरूप झाले.

नगरची नात:
आमच्या गावात सगळे शेतकरीच. मी आजवर ते वचन ऐकताना शेतातलाच नांगर डोळ्यांपुढे आणत होते. आज कळलं. तरी तो अर्थही मला सोडवत नाही, बी पेरण्याआधी जमीन उलथावी लागते, आणि पौल त्याच 15व्या अध्यायात देहाला पेरलेलं बी म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने चूक असेल, पण आजीला पुरताना मला पेरणीच आठवली होती.

आणि एक विचारायचं राहिलं. आमच्या पाळकांनी दफनाच्या वेळी ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन घेतलं. मला तेव्हा राग आला होता. आनंद ‘करा’ म्हणजे काय? आनंद होतो, करतात का?

कोशवाचक:
हा व्याकरणाचा प्रश्न आहे आणि त्यात बरंच काही आहे. मराठीत आपण म्हणतो ‘मला आनंद झाला’. आनंद येतो, होतो, वाटतो, म्हणजे आपण नुसते घेणारे, कर्ता आनंदच. ऊन पडल्यासारखा तो पडतो आणि ढग आला की जातो. ‘आनंद करा’मध्ये माणूस कर्ता होतो. फिलिप्पैकरांस पत्रातलं हे वाक्य पौलाने कैदेत असताना लिहिलं, सुखात बसून नाही. मूळ शब्द ‘खाइरेते’, तो रोजच्या भेटीतला अभिवादनाचाही शब्द होता. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात कबरीवरून धावत निघालेल्या स्त्रियांना उठलेला येशू भेटतो तेव्हा तो हाच शब्द उच्चारतो. मराठी बायबलात तिथे ‘कल्याण असो’ आहे. भाषांतर योग्यच आहे, पण त्यामुळे आपल्याला हे दिसत नाही की कबरीजवळची ती पहिली हाक आणि पौलाचं ‘आनंद करा’ हा एकच शब्द आहे.

आणि तुमच्या रागाबद्दल. त्या वचनाने रडू नका असं कुठेही म्हटलेलं नाही. थेस्सलनीकाकरांस पौल लिहितो ते एवढंच, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. लाजरला उठवायला निघालेला येशूसुद्धा आधी रडला. योहानाच्या 16व्या अध्यायात तो शिष्यांना आनंदाबद्दल सांगतो तेव्हा दाखला देतो प्रसूत होणाऱ्या बाईचा. कळा खऱ्या असतात. मग म्हणतो, तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेऊ शकणार नाही. टिकणारा आनंद तो, जो कळांच्या पलीकडून येतो.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे होते. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, आणि भाषांतर 1924 मध्ये छापून झालं. पोटची मुलगी पुरल्यावर पुनरुत्थानाच्या त्या ओळींवरून त्यांची नजर पुन्हा कशी फिरली असेल, हे मनात आलं की ‘आनंद करा’चा अर्थ मला कोशाबाहेर कळतो.

किनाऱ्यावरचा:
ताई, तुम्ही ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ या पौलाच्या वचनाचाही विचार करा. आमच्याकडे काहींनी तेच कोरलं आहे.

नगरची नात:
तो शब्द तर आमच्या घरातलाच. गोठ्यात विंचू निघाला की आजी आम्हाला लांब उभं करायची, चिमट्याने धरायची आणि आधी नांगी ठेचायची. मग म्हणायची, आता बघा जवळून. विंचू तोच असायचा, चालायचाही, पण आम्ही घाबरत नव्हतो.

कोशवाचक:
मूळ शब्द ‘केन्त्रोन’, अणकुचीदार टोक. बैलाला टोचायच्या पराणीलाही तोच शब्द. पण मराठीने नांगी निवडली ते फार बरं झालं, कारण आपल्याकडे ‘नांगी टाकणे’ म्हणजे हार मानणे. तो अर्थ आपसूक त्या वचनाला चिकटतो.

नगरची नात:
काल रात्री ही सगळी चर्चा काकांना वाचून दाखवली. विंचवापाशी ते थांबले, चष्मा काढून पुसत बसले. ‘चिरनिद्रा’ गेली. मजकूर ठरला: वर नाव, खाली ‘पुनरुत्थानाच्या आशेत निजली’, आणि एका कोपऱ्यात छोटा नांगर, होडीचा. पाथरवटाने विचारलं, ‘निजली’ की मानाने ‘निजल्या’? काका म्हणाले, आईला आम्ही कधी अहो-जाहो केलं नाही. ‘निजली’च लिहा.