प्रतिसाद: हुकूम कागदावर असायचे का?

असा एक मुद्दा मांडला जातो की नाझी छळछावण्यांत माणूस मारायला लेखी हुकूम लागतच नसे. अर्धं खरं आहे. आउशवित्झला गाडीतून उतरवून थेट गॅस चेंबरकडे नेलेल्या लाखोंची साधी नावंही कुणी लिहून घेतली नाहीत. पण नावानिशी एखादा कैदी संपवायचा असला, की हुकूम सहसा बर्लिनहून, राइश सुरक्षा मुख्य कार्यालयातून (नाझी पोलीस आणि गुप्तहेर यंत्रणेच्या मुख्यालयातून) यायचा. कमांडंटने, म्हणजे छावणीच्या प्रमुखाने, तो अमलात आणायचा आणि वर कळवायचं.

गेओर्ग एल्झरचंच पाहा. या सुताराने ८ नोव्हेंबर १९३९ रोजी म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरसाठी बॉम्ब लावला होता. हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला. एल्झरला पुढे खटल्याशिवाय पाच वर्षांहून जास्त डांबून ठेवलं. ५ एप्रिल १९४५ रोजी गेस्टापो या नाझी गुप्त पोलीस दलाचा प्रमुख म्युलर याच्या कार्यालयातून डाखाऊ छळछावणीच्या कमांडंटला पत्र गेलं. त्यात एल्झरचं खरं नावच नाही, तो 'एलर' आहे. पुढच्या हवाई हल्ल्यात तो 'अपघाताने' दगावला असं दाखवा, अगदी मोजक्या लोकांना कळू द्या, आम्हाला परत कळवायचा मजकूर असा असा ठेवा, आणि काम झालं की हे पत्र नष्ट करा! खोटा अहवालसुद्धा हुकुमासोबतच तयार. ९ एप्रिलला त्याला गोळी घातली. २९ एप्रिलला अमेरिकन सैन्य डाखाऊत पोचलं.

ते पत्र मात्र नष्ट झालं नाही. म्हणून हे आज आपण वाचू शकतो.