ऑक्सिजन कमी करायलाही कोणीतरी हवंच की

वर एकांनी विचारलंय की नर्स असताना ऑक्सिजनचा फ्लो मशीनच्या हाती कशाला द्यायचा, तर अहो नर्स चोवीस तास एकाच बेडपाशी थोडीच असते! सीओपीडीवाल्याला (म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्याला) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्केच हवं, ९८ दिसलं की नातेवाईक खूश पण तिकडे कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. कॅनडात क्यूबेकमधलं ते फ्रीओटू नावाचं मशीन बोटाला लावलेल्या प्रोबचं (सॅच्युरेशन मोजणाऱ्या चिमट्याचं) रीडिंग घेऊन दर सेकंदाला फ्लो बदलतं, पेशंट उठून चार पावलं चालला की वाढवतं, आडवा झाला की कमी करतं. फक्त बोटं गार पडली की रीडिंगच गंडतं, आणि सावळ्या कातडीवर प्रोब आकडा जास्त दाखवू शकतो, ते आपल्याकडे आधी तपासा म्हणावं.