इम्युनोथेरपी चालू असताना लागलेले जुलाब

दादा, भुसावळच्या उन्हानं काकांना जुलाब लागले असतील असं तुम्ही लिहिलंय. पण पेम्ब्रोलिझुमॅब हे कॅन्सरवरचं इम्युनोथेरपीचं औषध चालू असताना असं धरून चालू नका. हे औषध रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतं. कॅन्सरची गाठ तोच ब्रेक दाबून वाचलेली असते. तो सुटला की पेशी गाठीवर जातात, तशा कधी आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसावरही. दिवसात नेहमीपेक्षा ४ वेळा जास्त शौचाला जावं लागलं किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. नुसती जुलाब थांबवायची गोळी देऊन वाट बघू नका, तिनं दुखणं झाकलं जातं. संसर्ग तपासून बहुधा स्टेरॉइड देतील. ते ४ ते ६ आठवड्यांत हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की त्रास उलटतो. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं.