लॅश एक्स्टेन्शनचा कोर्स: वाशी की ठाणे? आणि त्या सर्टिफिकेटला काही किंमत असते का?

कळवा_स्लो_लोकल
नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात एका पार्लरमध्ये आहे, थ्रेडिंग वॅक्स क्लीनअप सगळं येतं, पण हल्ली क्लायंट सारखं लॅश एक्स्टेन्शन (पापण्यांना कृत्रिम केस चिकटवणं) विचारतात आणि मॅडम म्हणतात तूच शिकून घे. वाशीला एका अकॅडमीत चौकशी केली तर ३ दिवस, ३५ हजार, किट धरून, आणि वर "इंटरनॅशनल सर्टिफिकेट". घोडबंदर रोडला एक जण एका दिवसात क्लासिक (एका पापणीवर एकच एक्स्टेन्शन) शिकवते म्हणतात, निम्म्या पैशात. घरी आई म्हणते डोळ्याला केस चिकटवायचे एवढे पैसे कसले. सरकारी लायसन्स लागतं का याला? कुठलं सर्टिफिकेट चालतं? मावसबहीण डॅलसला असते, ती म्हणते शिकून ये, इथे खूप काम आहे, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

खारघर_लॅशवाली
अगं आपल्याकडे लॅशचं वेगळं सरकारी लायसन्स नाहीये, त्यामुळे कोणी "सरकारमान्य" म्हणालं तर सरळ विचारायचं की मान्यता कोणाची, कागद दाखवा. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची सर्टिफिकेट्स असतात ती ब्युटी थेरपिस्ट वगैरे कामांची, आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा ट्रेड आहे, आणि सिडेस्को हे झुरिचवालं, तो पूर्ण ब्युटी थेरपीचा मोठा कारभार आहे, ३ दिवसांत मिळत नाही. तुला वाशीला मिळणार ते त्या अकॅडमीचंच, फार तर वर कुठल्यातरी बाहेरच्या ब्रँडचा लोगो. वाईट नाही, भिंतीवर लावायला बरं दिसतं, पण क्लायंट ते बघत नाही, ती बघते आठवड्याने किती लॅशेस उरल्यात.

म्हणून फी विचारण्याआधी हे विचार की लाइव्ह मॉडेल, म्हणजे सरावाला खऱ्या बायका, किती मिळणार आणि बॅचमध्ये मुली किती. डमीवर सगळ्यांना जमतं, डमी पापण्या फडफडवत नाही. खरं काम आहे आयसोलेशन, म्हणजे एका चिमट्याने एकच नॅचरल लॅश वेगळी धरायची आणि दुसऱ्याने एक्स्टेन्शन तिच्यावर बसवायचं, शेजारची चिकटली नाही पाहिजे. दोन चिकटल्या की एक वाढते, दुसरी ओढली जाते, मुळाशी दुखतं. ट्रेनर तुझ्या खांद्यावरून वाकून एकेक लॅश तपासत असेल तर ३५ हजार वसूल समज, आणि ती फक्त स्लाइड दाखवून रील काढत बसणार असेल तर एक दिवस काय नि तीन दिवस काय. क्लासिक पक्कं झाल्याशिवाय व्हॉल्यूमचं नाव काढू नकोस, त्यात एका पापणीवर अनेक बारीक लॅशेसचा पंखा बसवतात, ०.०७ मिमीचे ते फॅन हाताने बनवायचे म्हणजे वेगळीच कसरत. रिमूव्हल (काढणं) आणि इनफिल (गळलेल्यांच्या जागी नवीन भरणं) शिकवतात का तेही विचार, बरेच जण तेवढंच गाळतात, आणि धंदा तर दर दोन-तीन आठवड्यांच्या इनफिलवरच चालतो.

अजून एक, पावसाळा. ग्लू सायनोअॅक्रिलेट असतो, तो हवेतल्या ओलाव्यानेच सेट होतो, म्हणजे आपल्याकडे जुलैत चिमटा डोळ्यापर्यंत नेईस्तोवर तो सुकलेला असतो, मग लॅश नीट बसत नाही, कधी पांढरी पण पडते. खोलीत ओलावा मोजणारा हायग्रोमीटर ठेवायचा, एसी किंवा डीह्युमिडिफायर लावायचा आणि पावसाळ्यात हळू सुकणारा ग्लू घ्यायचा. जी ट्रेनर हे सांगतच नाही तिने ठाण्यात काम केलेलं नाही असं मी समजते :) उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नकोस, बाहेर काढली की आत ओल धरते.

चष्मेवाला_पाचपाखाडी
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दुसऱ्या बाजूने बोलतो. आमच्याकडे लालभडक डोळे घेऊन बायका येतात, बऱ्याचदा पॅच टेस्टच (आधी थोडा ग्लू लावून अॅलर्जी बघणं) केलेली नसते. किमान २४ तास आधी करायला हवी, आणि आज काही झालं नाही म्हणजे वर्षभराने होणार नाही असंही नाही, अॅलर्जी नंतरही येऊ शकते. "सेन्सिटिव्ह ग्लू" म्हणजे सायनोअॅक्रिलेट नाही असा समज नको. आणि एक्स्टेन्शनला पाणी लावायचं नाही म्हणून पापण्या धुवायच्याच नाहीत हे कोण शिकवतं देव जाणे, घाण साचून ब्लेफरायटिस (पापण्यांच्या कडांना सूज) होतो. कोर्समध्ये नाही म्हणायला पण शिकवलं पाहिजे: रांजणवाडी, डोळे आलेले, नुकतंच लेसर झालेलं, अशा वेळी पैसे दिले तरी करायचं नाही. चुकून ग्लू डोळ्यात गेला तर ओढायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं.

सीवूड्स_आई
मी जरा उलट सांगते. तुझ्याकडे पार्लरचा हात आणि क्लायंट आहेत, हायजीन माहितीये, तर घोडबंदरचा एक दिवस पुरेल, उरलेले पैसे चिमटे, चांगला ग्लू आणि प्रॅक्टिस लॅशेसमध्ये घाल. किटमधले चिमटे बहुतेक टाकाऊच निघतात. मैत्रिणींना नुसत्या मटेरियलच्या खर्चात करून दे, फोटो काढ. उद्या स्वतःचं काढायचं तर उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नकोस, आणि सरकारी मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारापर्यंत कर्ज आहे.

खारघर_लॅशवाली
एका दिवसाचं चालेल, पण मॉडेल हवीच, यावर मी हटणार नाही.

कळवा_स्लो_लोकल
सगळ्यांना थँक्यू! रविवारी दोन्हीकडे जाऊन मॉडेलचं विचारते. डॅलसचं कोणी बोललं नाही पण.

न्यूजर्सी_व्हाया_ऐरोली
मी सांगते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, भारतातलं सर्टिफिकेट लायसन्स म्हणून चालत नाही. डॅलस म्हणजे टेक्सास, तिथे लॅशचं वेगळं स्पेशॅलिटी लायसन्स आहे, तिथल्याच मान्यताप्राप्त शाळेत ३२० तास करावे लागतात. कॅलिफोर्नियात तर एस्थेटिशियन (त्वचेची निगा घेणारी) किंवा कॉस्मेटॉलॉजीचं लायसन्स लागतं. आणि टुरिस्ट व्हिसावर काम करायचं नसतं, बहिणीच्या घरी बसून सुद्धा नाही, हे तिला पण सांग.

खारघर_लॅशवाली
आणि ए, स्टूलवर पैसे वाचवू नकोस. नवीन असताना एका सेटला तीन-चार तास लागतात, पाठीला टेकू नसेल तर मान जाते.