मदत हवी आहे: घरच्या पीसीला फुकटातला अँटीव्हायरस कुठला टाकू? रोज '५ व्हायरस सापडले' येतंय

नमस्कार मंडळी. सांगलीला आईबाबांकडे असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे, २०१७ चा, सातव्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. मी पुण्यात असते त्यामुळे सगळं फोनवर, नाहीतर महिन्यातून एकदा गेले की. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सच्या पावत्या, एक्सेलमधला हिशोब, नेटबँकिंग आणि उरलेल्या वेळात नाट्यगीतं, एवढाच वापर.

झालंय असं की आधी पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस होता, त्याची मुदत दिवाळीत संपली, बाबा म्हणाले आता परत पैसे घालायचे नाहीत, फुकट मिळतं की. मग काढून टाकला. पंधरा दिवसांनी उजव्या कोपऱ्यात खाली लाल बॉक्स यायला लागला, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, आजच रिन्यू करा', वर एका नावाजलेल्या कंपनीचा लोगो. आणि तो अँटीव्हायरस आमच्याकडे कधी नव्हताच! परवा बाबांनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं, ओटीपीसाठी मोबाईल सापडेना म्हणून लँडलाईनवरून मला फोन केला, तेवढ्यावर वाचले.

दुसरं दुखणं पेनड्राईव्हचं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला नेला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात, आयकॉनवर तो छोटा बाण येतो आणि आतलं काही उघडत नाही. भाचीचे स्कॉलरशिपचे कागद त्यातच अडकलेत. बाबा त्या झेरॉक्सवाल्याशी दोनदा भांडून आलेत.

आता अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर, मालवेअरबाइट्स यातलं काय टाकू? कोणी म्हणतं दोन टाका, एक व्हायरसला आणि एक मालवेअरला. ४ जीबीत दोन चालतील का? विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहेच पण तो स्कॅन करून 'धोका नाही' म्हणतो, मग हा लाल बॉक्स कोण दाखवतंय? उत्तर असं द्या की फोनवर बाबांना सांगता येईल. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
ताई, आधी काहीच टाकू नका. तो बॉक्स बहुतेक क्रोमचं नोटिफिकेशन आहे, व्हायरस नाही. नीट बघितलं तर बारीक अक्षरात वेबसाईटचा पत्ता दिसेल. फुकट मॅच नाहीतर गाण्यांच्या साईटवर 'रोबोट नसाल तर अलाऊ दाबा' येतं, माणूस दाबतो, आणि मग त्या साईटला काहीही दाखवायची मुभा मिळते. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. अलाऊच्या यादीत जे ओळखीचं नाही ते सगळं रिमूव्ह. परवानगी आपणच दिलेली असते, त्यामुळे अँटीव्हायरस दरवेळी हे अडवेलच असं नाही. आणि पैसे गेलेच असते तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा, हा नंबर बाबांना लिहून देऊन ठेवा.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मला दुसरंच खटकतंय. पेनड्राईव्हची ही अवस्था आणि डिफेंडर म्हणतो धोका नाही? विंडोज कोणी टाकून दिलं होतं? दुकानातून ॲक्टिव्हेटर (पैसे न भरता विंडोज चालू करणारं चोरटं टूल) मारून टाकलं असेल तर तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून बरेचदा डिफेंडरला 'इकडे बघू नको' सांगून ठेवतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाला एक्सक्लुजन्स, म्हणजे डिफेंडरने तपासायचं नाही अशा गोष्टी. तिथली यादी रिकामी हवी.

आणि झेरॉक्सवाल्यावर आळ घ्यायच्या आधी एक करा. नवा कोरा पेनड्राईव्ह घ्या, त्यात एक फोल्डर करा, फक्त घरच्या पीसीला लावून दहा मिनिटं ठेवा. शॉर्टकट झाला तर रोग घरचाच. फाईली बहुतेक जात नाहीत, फक्त लपवलेल्या असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाईल्स दाखवा वर टिक आणि 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' वरची टिक काढायची, ही दुसरी लोक विसरतात. शॉर्टकटवर डबल क्लिक मात्र अजिबात नको, त्यानेच तो पसरतो.

बाकी दोन अँटीव्हायरस एकदम चालू ठेवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात. घरगुती वापराला डिफेंडर पुरतो, दुसरा टाकलात की तो आपोआप बाजूला होतो. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्स, १४ दिवस ट्रायल असते, नंतर फुकटात फक्त आपण म्हणू तेव्हा स्कॅन करतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर पण फुकट टूल्स आहेत. अवास्टबद्दल माझं मत वाईट आहे. लोकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या त्यांच्याच कंपनीमार्फत विकली जायची, बोंब झाल्यावर २०२० मध्ये ती बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तुमच्या यादीतली पहिली तीन नावं आणि वर नॉर्टन, सगळ्यांचा मालक आज एकच आहे, जेन डिजिटल. तेव्हा तुलना करत बसण्यात फारसा अर्थ नाही.

प्रतिसाद:
विंडोज काढून फुकटातलं लिनक्स मिंट टाका, सुखी व्हा.

प्रतिसाद:
आले लिनक्सवाले काका!! बाबांच्या एक्सेलचं काय करणार?

धागाकर्ती:
शनिवारी सांगलीला जाऊन आले. नोटिफिकेशनच्या यादीत अकरा साईट निघाल्या, दोन क्रिकेटच्या, एक राशीभविष्याची, बाकी कसल्या देव जाणे. काढल्यावर बॉक्स बंद. आणि एक्सक्लुजनमध्ये, ऐका आता, एकच ओळ. सी, पुढे कोलन आणि तिरकी रेघ. म्हणजे अख्खा सी ड्राईव्ह! डिफेंडर बिचारा रोज हिरवी टिक दाखवत होता, बघायला त्याच्याकडे काही नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी हार्डडिस्क बदलली तेव्हा दुकानदाराने विंडोज टाकून दिलं होतं, बाबा म्हणाले "अगं, ओरिजिनल म्हणून त्याने पाचशे जास्त घेतले माझ्याकडून."

कोऱ्या पेनड्राईव्हचा प्रयोग स्कॅनच्या आधी केला. चार मिनिटांत शॉर्टकट. मग ती ओळ काढून फुल स्कॅन लावला, साडेतीन तास, त्यात एक हॅकटूल (ॲक्टिव्हेटरसारख्या टूलना डिफेंडर हेच नाव देतो) आणि एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, सापडला. नंतर ऑफलाईन स्कॅन पण केला, पीसी रीस्टार्ट होऊन निळ्या स्क्रीनवर करतो तो. भाचीचे कागद सगळे मिळाले. आता एवढ्यावर भागेल का?

प्रतिसाद:
नाही भागणार. एवढे दिवस दार उघडं होतं, फाईलींचा बॅकअप घेऊन फॉरमॅट करा. नेटबँकिंगचा पासवर्ड आजच्या आज बदला, त्या पीसीवरून नाही, मोबाईलवरून. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, डिफेंडरला नवीन व्हायरसची माहिती २०२८ पर्यंत मिळणार आहे पण विंडोजमधली भोकं कोण बुजवणार? मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदत पण ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सातव्या जनरेशनच्या आय३ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बँकेचं काम तरी त्यावर नको.

धागाकर्ती:
पासवर्ड बदलला. फॉरमॅट पुढच्या फेरीत, तोवर नेटची वायर काढून ठेवलीय, नाट्यगीतं टीव्हीवर. बाबा झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणे मागच्याच महिन्यात सांगत होतो, काका तुमच्या पेनड्राईव्हमध्ये काहीतरी आहे, पीडीएफ व्हॉट्सअपवर टाका, नंबर काचेवर लिहिलाय.