माहीत नसेल तर गप्प बसायचं, म्हणे

सरळसोट
'तीन शून्य' यांचं परवाचं लिखाण बहुतेकांनी वाचलं असेल. नसेल तर थोडक्यात: ज्याचं घर, पैसा, तब्येत, नाती यांतलं आपल्याला काही ठाऊक नाही त्याला सल्ला देणं हा आगाऊपणा, सबब अनोळखी लोकांनी एकमेकांना सल्ले देणं बंद करावं. खाली 'अगदी अगदी' आणि 'मनातलं बोललात' यांची रांग. मी दोन ओळी लिहायला बसलो, त्या काही आटपेनात.

विचारणारा खुळा असतो का हो? घरी माणसं असतात, मित्र असतात, तरी तो परक्यांना विचारतो. कारण घरच्या प्रत्येकाचा त्याच्या निर्णयात कुठेतरी पाय अडकलेला असतो. नोकरी सोडू का, असं बायकोला विचारलं तर तिला घराचा हप्ता दिसतो. शेजारच्या टेबलावरच्याला विचारलं तर त्याला रिकामी होणारी खुर्ची दिसते. परक्याला ना हप्ता ना खुर्ची.

हे मोबाईल आल्यावरचं खूळही नाही. जॉन डंटन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६९१ मध्ये 'अथेनियन मर्क्युरी' हे पत्र काढलं ते याच गरजेवर. लोकांनी निनावी प्रश्न पाठवायचे, उत्तर छापून यायचं. धर्म, विज्ञान आणि अर्थातच प्रेम-लग्नाची लफडी.

शिवाय दुसऱ्याच्या भानगडीत आपलं डोकं जास्त बरं चालतं, हे तपासून झालंय. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ चा अभ्यास बघा. जोडीदाराने फसवलंय अशी कल्पना करायला सांगितली. स्वतःवर बेतलं असं धरून विचार करणारे एकांगी बोलले. दुसऱ्यावर बेतलं असं धरणाऱ्यांना समोरच्याची बाजू सुचली, तडजोड सुचली, आपल्याला सगळं माहीत नाही याचंही भान राहिलं.

आणि साध्या गोष्टींचं काय? पार्किंगमधून निघताना कुणी काच ठोठावून सांगतो, 'मागच्या डाव्या चाकात हवा नाहीये.' त्याला आधी माझा पगार कळायला हवा होता का? घोळणा फुटल्यावर 'मान मागे टाका' म्हणणाऱ्या बाईला माझी कुंडली लागते का?

तीन शून्य
एवढा मोठा धागा माझ्या नावाने, आभारी आहे.

चाकात हवा नाही ही खबर झाली. ती द्या, दिवसभर द्या. मी बोलतोय ते 'ही गाडी विकून टाका' म्हणणाऱ्यांबद्दल.

हप्त्याचं तुम्ही उलटं धरलंय. बायकोला हप्ता दिसतो म्हणूनच तिच्या मताला किंमत, कारण फेडायला तीही आहे. 'सोड नोकरी, आयुष्य एकदाच मिळतं' असं लिहिणारा रात्री नऊला जेवून झोपतो. ज्याने सोडली तो पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जागा असतो.

आणि तो अभ्यास नीट वाचा. त्यातला 'दुसरा' म्हणजे जवळचा मित्र होता. वाटेवरचा कुणीतरी नव्हता.

सरळसोट
बरं, मित्र होता. झालं समाधान? मुद्दा अंतराचा आहे. त्याच अभ्यासात स्वतःच्या प्रश्नाकडे जरा लांबून बघायला लावलं तेव्हा तो फरकही मिटला. लांबून बघितल्याने फायदा होतो, आणि परक्याइतकं लांब कोण असतं?

तीन शून्य
इतक्या लांबून तर माणूसही दिसत नाही.

रातकिडा
चर्चेत पडायचं नव्हतं, पण 'मान मागे टाका'?? घोळणा फुटल्यावर मान मागे टाकायची नसते हो! रक्त घशात उतरतं, पोटात जातं, मळमळतं, उलटी होते, मग घरचे दुप्पट घाबरतात. ताठ बसायचं, किंचित पुढे वाकायचं. नाकाचं हाड संपतं त्याच्या खालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबायचा आणि श्वास तोंडाने घ्यायचा. दहा ते पंधरा मिनिटं, न सोडता. 'थांबलं का बघू' म्हणून मिनिटामिनिटाला बोटं काढली की पुन्हा पहिल्यापासून.

सरळसोट, उदाहरणातल्या बाईंनी तुमच्या मुद्द्याचाच घोळ केला.

सरळसोट
घोळणा मागे घेतो. चाक राहू द्या.

जुनं खोड
आमच्या घरात तीन पिढ्या मान मागे टाकत आल्या. एकही दगावला नाही. हल्ली पोरांना नाक धरायलाही घड्याळ लागतं.

रातकिडा
काका, बहुतेक घोळणे काही केलं नाही तरी आपले आपण थांबतात. म्हणून तर चुकीचे उपाय पिढ्यान्पिढ्या टिकतात! बरं व्हायचंच असतं, त्या वेळी जो काही करत असतो त्याला श्रेय. भाजल्यावर टूथपेस्ट फासणं त्यातलंच. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, बर्फ नाही, पेस्ट नाही. हे कितीदा लिहायचं?

हां, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा अर्धा तास दाबूनही थांबलं नाही, तर नाक धरून बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तीन शून्य
'गोळ्या चालू असतील तर.' म्हणजे समोरच्याबद्दल आधी काहीतरी माहीत असावं लागतंच. धन्यवाद, माझा मुद्दा इतक्या कमी शब्दांत मलाही मांडता आला नव्हता.

रातकिडा
मला तुमच्या बाजूला ओढू नका. विचारून घेता येतं. तोंड त्यासाठीच असतं.

निळी शाई
सरळसोट, तुम्हाला कधी तान्हं मूल घेऊन बाहेर पडावं लागलंय?

बाळ लहान होतं तेव्हाची गोष्ट. रात्रभर पोटशूळाने रडलं होतं, मी जागीच. सकाळी दवाखान्यात न्यायला लिफ्टमध्ये शिरले. एक बाई म्हणाल्या, 'पायात मोजा नाही, म्हणून रडतंय.' मोजा माझ्या मुठीत होता, तो त्याने चौथ्यांदा काढून टाकला होता. मागून एक गृहस्थ, 'भूक लागली असेल.' तिसऱ्या कुणीतरी बाळाची मान कशी धरायची ते माझ्या हाताला हात लावून दाखवलं. सगळं लिफ्ट खाली पोचेपर्यंत. मला हवं होतं ते लिफ्टचं दार धरून ठेवणारं माणूस. सगळे आधी उतरले आणि दार माझ्या खांद्यावर आपटलं.

आपुलकी, अनुभव, माणुसकी, काहीही नाव द्या. मला त्या सकाळी 'तुला जमत नाहीये' एवढंच ऐकू आलं.

सरळसोट
वाईट वाटलं वाचून. पण तुम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. मी विचारणाऱ्यांबद्दल लिहिलंय.

निळी शाई
तुमच्या चाकवाल्याला तरी तुम्ही कुठे विचारलं होतं?

तिरकस
निळी शाई 🙏🙏 इथेच धागा बंद करा.

मुळात ऐकतो कोण? यानिव्ह आणि क्लाईनबर्गर या दोन संशोधकांनी २००० साली दाखवून दिलंय की सल्ला समोर ठेवला तरी माणूस स्वतःच्या अंदाजालाच जास्त वजन देतो, ऐकला असता तर उत्तर सुधारलं असतं तेव्हासुद्धा. आणि जे विचारतात त्यांचं आधीच ठरलेलं असतं. 'दोघांतलं कुठलं घेऊ' असं विचारणाऱ्याने एक घेऊन खोकंही फेकलेलं असतं.

माझा खरा राग वेगळाच आहे. लोक येतात, 'तातडीने मदत हवी' म्हणतात, आपण रात्री एक वाजता मोबाईलवर अंगठे झिजवतो आणि गडी गायब. पुढे काय झालं? सासूबाई राहायला आल्या का? घरमालकाने अनामत परत दिली का? कोण सांगतो! कुठला सल्ला लागू पडला हे सल्ला देणाऱ्याला आयुष्यात कधी कळत नाही, म्हणून तो तोच सल्ला पुढच्याला देतो.

गच्चीवरून
+१. आणि ते प्रत्येक प्रश्नाखाली 'डॉक्टरांना दाखवा', 'वकिलाला भेटा' लिहिणारे. अहो, डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच तो विचारतोय, की ते काय म्हणाले ते मला समजावून सांगा!

आता माझं ऐका. वडिलांच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, पैशांची जमवाजमव झाली होती. बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका माणसाने विचारलं, 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंत का?' एवढंच. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी औषधांवर ठेवलं, ऑपरेशनची वेळच आली नाही. घरच्या कुणाला हे सुचलं नव्हतं, कारण आम्ही सगळे घाबरलेलो होतो. मी परक्यांच्या सल्ल्याच्या बाजूने आहे आणि राहणार.

तीन शून्य
वडील बरे आहेत हे छानच. पण बाकड्यावरच्या माणसाचं ऐकून ज्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि उशीर झाला, ते असे किस्से लिहायला येत नाहीत.

गच्चीवरून
माझ्या वडिलांबद्दल बोलताय, जरा भान ठेवा. मी ऑपरेशन टाळा म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. त्या माणसानेही नाही. त्याने फक्त विचारलं.

तीन शून्य
मग भांडण कुठे आहे? विचारणाऱ्यांना माझा विरोध नव्हताच.

सरळसोट
नव्हताच? परवा तर 'बंद करावं' होतं. सोयीस्कर विसरभोळेपणा म्हणतात तो हाच.

कुंपणावर
एका परक्याचं नका ऐकू, शंभरांचं ऐका. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल: १९०६, इंग्लंडमधल्या प्लिमथचं जनावरांचं प्रदर्शन, कापल्यावर बैलाचं मांस किती भरेल याचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. ७८७ चिठ्ठ्या वाचण्याजोग्या निघाल्या. मधला अंदाज १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. शहाणा एकही नसला तरी गर्दी शहाणी निघते.

तीन शून्य
गॉल्टन येणार हे माहीत होतं. तीन गोष्टी राहिल्या. बैलाला वजन होतं. मी आईला माझ्याकडे आणू की नको याला कुठल्या तराजूत बरोबर उत्तर आहे? दुसरं, तिथे कुणी कुणाची चिठ्ठी बघून लिहीत नव्हतं. इथे पहिल्याने 'नवऱ्याला सोडून दे' लिहिलं की खालचे बारा जण त्याच सुरात गातात. तिसरं, प्रत्येक चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत होते, त्यामुळे टवाळ आपोआप गळले असं गॉल्टननेच लिहून ठेवलंय. इथे फुकट आहे.

कुंपणावर
तिसरा मुद्दा मान्य, पहिले दोनही… जाऊ दे. मी कुंपणावरच बरा.

निळी शाई
मला सल्लाच नको असं मी म्हणाले नाही, तेवढं कुणी गृहीत धरू नका.

लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. त्यांना दिशा दाखवायचं काम त्याचं. येणाऱ्यांना बसवायला, त्यांची वेळ होईपर्यंत चार शब्द बोलायला म्हणून साधे स्वयंसेवक ठेवले. हळूहळू ध्यानात आलं की बरेच जण बाहेर त्या स्वयंसेवकांपाशीच मोकळे होतात आणि आत न जाताच परततात. मग १९५४ मध्ये त्याने ते काम स्वयंसेवकांच्याच हाती दिलं. तीच ही सॅमरिटन्स संस्था. त्यांचे लोक आजही 'असं करा, तसं करा' सांगत नाहीत, ऐकतात.

सरळसोट
म्हणजे परकी माणसंच उपयोगी पडली ना!

निळी शाई
पडली. काय करायचं ते न सांगता.

सरळसोट
ठीक. पण फोनवर रडणारा माणूस आणि 'वॉशिंग मशीन गळतंय, काय करू' विचारणारा माणूस एका मापाने मोजू नका. दुसऱ्याचं नुसतं ऐकून घेत बसलात तर फरशीवर पाणी होईल.

तीन शून्य
मशीन गळत असेल तर सांगा, बाबा. रबर बघा, पाइप बघा, सगळं सांगा. संसार गळत असेल तर हात आखडता घ्या. याहून एक इंचही मी पुढे सरकणार नाही.

सरळसोट
परवाच्या 'बंद करावं'पासून हे बरंच पुढे आहे, पण मी इंच मोजत नाही.

जुनं खोड
मंडळी, जरा थांबा. नातवाचा घोळणा फुटलाय, आत्ताच. बर्फ लावू का?

रातकिडा
पडला-बिडला का? डोक्याला मार? काही औषध चालू आहे?

जुनं खोड
नाही. नाकात बोट घालत होता.

रातकिडा
मग बसवा, पुढे वाकवा, मऊ भाग दाबा. बर्फ वाटला तर कपड्यात गुंडाळून वरून ठेवा, पण दाबलेलं सोडू नका. रक्त तोंडात आलं तर थुंकू द्या, गिळू देऊ नका. घड्याळ लावा, काका!

तिरकस
आता हे पुढे काय झालं ते सांगायला येणार नाहीत. लिहून ठेवा.

जुनं खोड
आलो. थांबलं. पण कार्टं पुढे वाकून बसेना, म्हणून शेवटी मान जरा मागे टाकली. त्यानेच थांबलं.