फायनल इयर: पोस्टिंग सांभाळू की वाचन? प्रीलिम दीड महिन्यावर

सागरकन्या:
मी एमबीबीएसच्या फायनल पार्ट टूला आहे, सिंधुदुर्गात. सध्या मेडिसिनचं पोस्टिंग, सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, त्यात आठवड्यातून दोनदा कॅज्युअल्टी, रूमवर येईपर्यंत अंगात त्राणच उरत नाही आणि पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोळे मिटतात. सर्जरी निम्मी बाकी, पीडियाट्रिक्स तर जवळजवळ सगळंच. काही जण सही करून लायब्ररीत जाऊन बसतात, मी पण तेच करू का? खरंच रडू येतंय.

इंटर्न_चिपळूण:
अगं वॉर्ड सोडू नकोस. मी सोडला होता, आणि प्रीलिमला लाँग केस (एक पेशंट पूर्ण तपासून मांडायचा) आली काविळीची. लिव्हर बघायला उजव्या इलियॅक फॉसापासून, म्हणजे पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून, वर यायचं हे वाचलेलं होतं, पण हाताला सवय नव्हती, तिथेच अडकले. रोज एकच पेशंट घे पण पूर्ण घे. लावणीचे दिवस आहेत, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) पेशंट असणारच. ताप, लाल डोळे, पोटऱ्या, पायाच्या चिखल्या, लघवी कमी झालीय का, सगळं स्वतः विचार आणि त्याच रात्री तेवढंच वाच. कावीळ आणि किडनी दोन्ही धरली की वेल्स डिसीज, सौम्य असेल तर डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन), गंभीरला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, डेंगी-मलेरियापासून वेगळं कसं ओळखायचं. ताप, कावीळ, एकेआय (किडनी अचानक बिघडणं), तिन्ही टॉपिक एकाच बेडवर होतात बघ.

रविवारचा_पेपर:
पटलं, पण लिहायची सवय पण लागते. पीडियाट्रिक्सला एकच पेपर म्हणून सगळे ते मागे टाकतात आणि मग फसतात. रविवारी एमयूएचएसचा (आपल्या आरोग्य विद्यापीठाचा) जुना पेपर 3 तास घड्याळ लावून लिही. लसीकरणाचं वेळापत्रक, वाढीचे टप्पे एसटीची वाट बघताना पण होतात.

ग्रामीण_एमओ:
बाळा, कॅज्युअल्टी तर अजिबात सोडू नको. फुरसं चावलेला पेशंट आला की 2 मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर अँटी स्नेक व्हेनम. एकदा स्वतः ट्यूब धरून बसलीस की व्हायव्हात कुणी कसंही विचारू दे. विंचवाला प्राझोसिन देतात ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे, आणि त्यांनी पण ते पेशंटच्या खाटेशी बसूनच शोधलं.

सागरकन्या:
थँक्यू ताई, दादा, सर. संध्याकाळी परत वॉर्डात जाऊन आले. एका पेशंट आजींच्या केसपेपरवर मी नुसतं मायाल्जिया (अंगदुखी) लिहिलं होतं. आजी म्हणाल्या, "पोटरे इतके दुखतत की उठाक जमणा नाय", आणि मी जरा दाबलं तर माझा हातच धरला त्यांनी. सकाळपासून लघवी एकदाच झालीय हे पण तेव्हाच कळलं, रेसिडेंट सरांना लगेच सांगितलं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाठवलंय. रिपोर्ट यायचाय, तोवर लेप्टो वाचायला बसतेय.